मागच्या भिंतीवरचे स्पीकर

सावरटोला
९ नोव्हेंबर २०२४

चि. निकेश,

आशीर्वाद फोनवरून देणार होते, पण तू फोन उचलत नाहीस, म्हणून पोस्टाने पाठवते आहे. टीव्हीच्या बिलावर तुझा हैदराबादचा पत्ता निघाला. चूक तुझीच, बिल काढून घ्यायला हवं होतंस.

टीव्ही पोचला. चैतूच्या जीपच्या टपावर गादीत गुंडाळून आला. पार्सलवाला दिवेलागणीला दारात उभा राहून ओरडला, "इंदुताई!" घरात आम्ही दोघी गप्प. पुन्हा ओरडला, पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा मी ओ दिली आणि दार उघडलं. तो बिचारा म्हणतो, घरात सगळे बहिरे आहेत का? समोरच्या ओट्यावरून भैयाजी म्हणाले, "अरे बाप्पा, हाका काऊन मारतेस? कडी वाजव ना!"

त्याला कसं समजावणार? तू मात्र विसरला नसशील. वाघाने नेलेलं माणूस संध्याकाळी नाव घेऊन हाक मारतं, पण दोनदाच. तिसरी हाक त्याला जमत नाही. म्हणून सावरटोल्यात अंधार पडल्यावर माणसाने कडी वाजवायची, आणि हाक आलीच तर तिसरीची वाट बघायची. मी अंगणवाडीत पोरांना "भूत नसते, भीती असते" असं तोंडपाठ करून घेते आणि घरी येऊन तिसऱ्या हाकेची वाट बघते. हस तू.

तर टीव्ही. भिंतीवर लावल्यावर आई तो समोरून बघेचना, बाजूला जाऊन बघत राहिली. "इतका पातळ? मांगं काईच नाई?" तिला वाटलं तू अर्धाच पाठवलास.

चित्र सुरेख आहे, पण आवाज अगदीच मरतुकडा. पातळ टीव्हीत आवाजाला जागाच नाही म्हणे. तो खालून निघतो, भिंतीवर आपटतो आणि आपल्याकडे उरलासुरला येतो. आईला आता डाव्या कानाने कमी ऐकू येतं. बातम्या, मालिका यांचं तिला काही नाही. तिला एकच गोष्ट बघायची आहे, बाबांचं नाटक. वडशाच्या नाटक मंडळात बाबा दोन हिवाळे होते, तेव्हाची ती सीडी. पोराशी अबोला धरलेला पाटील. ब्रह्मपुरीच्या धनराजने ती पेनड्राइव्हवर करून दिली. आई टीव्हीला कान लावून बसते आणि म्हणते, "ह्यो तुह्या बाबाचा आवाज नव्हे. डब्यातला मानूस बोलून राह्यला."

त्यातली ती जागा आठवते का? पोरगा दाराबाहेरून विनवण्या करतो, पाटलाने पाठ फिरवून गप्प बसायचं असतं, आणि बाबा मधेच "ओ" म्हणतात. सगळा मंडप हसतो, तबलजी कसंबसं सावरून घेतो. आपण दोघं त्या जागेवर गडबडा लोळायचो. बाबा संवाद विसरले म्हणून तू त्यांना चिडवायचास, आणि मला ताई म्हणायचं सोडून त्यांच्यासारखंच "इंदे" म्हणायचास, मग माझ्या हातचा मार खायचास.

स्पीकर घ्यायचे आहेत. तू टीव्ही पाठवलास, तेव्हा सल्लाही पाठव. एक लांब पट्टी मिळते, साउंडबार म्हणतात, ती घेऊ की पाच स्पीकर आणि वूफरचा होम थिएटर? तुझ्या घरी काय आहे ते लिही. तुझं घर कसं आहे तेही लिही.

तुझी इंदुताई


सावरटोला
१८ नोव्हेंबर

चि. निकेश,

तुझं उत्तर नाही. धानाची कापणी उरकली आणि मी आईला घेऊन ब्रह्मपुरीला गेले.

माझं ठरलेलं होतं. साउंडबार घ्यायचा, टीव्हीखाली खिळ्याला टांगायचा, एक वायर, विषय संपला. आपली बैठकीची खोली केवढी, त्यात पाच डबे कुठे लावणार? शिवाय मागची भिंत म्हणजे मागचं दार, आणि दाराबाहेर परसातली सांदवाडी, तिच्यापलीकडे धानाची शेतं आणि जंगल. त्या भिंतीवर मी काही लावू दिलेलं नाही इतक्या वर्षांत, कॅलेंडरसुद्धा नाही.

धनराजला तू ओळखत नाहीस. हिवाळ्यात नाटक मंडळांचा साउंड करतो आणि उरलेलं वर्ष दुकान चालवतो. फार बोलतो. त्याने आईला खुर्चीवर बसवलं, साउंडबार लावला. आवाज मोठा, स्वच्छ. मी म्हटलं, झालं, बांधून द्या.

आई म्हणाली, "हे तं फळीतून बोलून राह्यलं."

"मावशी, आवाज समोरूनच येते ना?"

"नाटकात असं नसते. नाटकात मांगूनबी येते. मांगं बाया बोलतेत, लेकरं रडतेत, चायवाला फिरते. बाजूनं मास्तर सांगते. मानूस मधात बसते."

धनराजला हे ऐकून स्फुरण चढलं. नाटकवाला पडला ना! त्याने पाच स्पीकर मांडले. मधला टीव्हीखाली, तो बोलण्याचा. डावा-उजवा समोर. वूफर कोपऱ्यात जमिनीवर. आणि दोन आईच्या मागे, कानापेक्षा हातभर उंच. मग म्हणाला, "मावशी, डोये मिटा." त्याने कुठल्याशा सिनेमातलं जंगल लावलं. पाऊस, पाखरं, पाचोळ्यात काहीतरी चालतं. ते समोरून निघालं, बाजूने गेलं आणि मागे जाऊन थांबलं.

माझ्या पाठीवर काटा आला, खोटं कशाला सांगू? मी मागे वळून बघितलं. मागे मिक्सर आणि इस्त्र्यांची मांडणी. आईने वळून बघितलं नाही. ती डोळे मिटून बसली होती आणि तिचा चेहरा कसा झाला होता ते मला लिहिता येणार नाही. अकरा वर्षांत तसा बघितला नव्हता.

"हेच घेजो," ती म्हणाली.

मी खूप भांडले. वायरी मागच्या भिंतीपर्यंत कशा न्यायच्या, उंदीर कुरतडतील, आपल्याला काय सिनेमागृह काढायचं आहे का? धनराज म्हणाला, नाटक जुनं आहे, मागच्या स्पीकरांना त्यात तसं काम नाही, पण यंत्र आपल्या हिशोबाने वाटून देतं. दोन्ही बाजूंनी सारखं येणारं, म्हणजे नटाचं बोलणं, मधल्यात घालतं. इकडंतिकडंचं उरलेलं मागे फेकतं.

"उरलेलं म्हणजे काय?" मी विचारलं.

"आता ते लावल्यावरच समजते, ताई. ज्याचं जसं असंन तसं."

आईचा हट्ट म्हणजे दगडावरची रेघ. घेतले पाचही. शुक्रवारी धनराज स्वतः येऊन लावणार आहे.

हे सगळं मी तुला का लिहिते? तू टीव्ही पाठवलास म्हणजे तुला या घरात काहीतरी दिसावं, ऐकू यावं असं वाटत असेल. मग हेही ऐकून घे.

इंदुताई


सावरटोला
२ डिसेंबर

निकेश,

स्पीकर लागले. मागचे दोन मागच्या दाराच्या दोन्ही अंगांना, उंचावर. धनराज मोजपट्टी लावून काम करत होता, आई त्याला चहा देत होती, आणि मी आपली उगीच चिडून इकडून तिकडे फिरत होते.

पहिल्या संध्याकाळी नाटक लावलं. बाबा बोलायला लागले आणि मी रडले. लपवत नाही. तो डब्यातला आवाज नव्हता. ते जड बोलणं, शेवटचं अक्षर जरा लांबवायची सवय, खाकरण्याआधीचा तो श्वास. खोलीत माणूस आला. आईने डोक्यावर पदर घेतला. नवरा घरात आल्यावर घेते तसा.

मग मागून कोणीतरी बोललं.

हळू, जवळजवळ फुसफुसत. "आता या घराचं दार तुझ्यासाठी बंद." आणि क्षणभराने समोरून बाबा दणक्यात, "आता या घराचं दार तुझ्यासाठी बंद!" मी ताडकन उठले. दाराला कडी होती. पुन्हा मागून, "जा, चालता हो." आणि समोरून बाबा, "जा, चालता हो!" मागचा आधी, पुढचा नंतर, प्रत्येक वाक्याला.

धनराजला सकाळी फोन लावला. तो पोट धरून हसला. "ताई, तो मास्तर होय! विंगेतून संवाद सांगते ना, तो. बाजूच्या माइकनं पकडला असंन. म्या म्हणलं होतं, उरलेलं मांगं फेकते."

खरंच, एवढंच ते. पटलं. बारावी सायन्सची मुलगी मी. पण संध्याकाळ झाली, मागच्या दारावरून तो फुसफुसणारा आवाज यायला लागला की पटलेलं सगळं कुठे जातं कोण जाणे. बाबांच्या तोंडी येणारा प्रत्येक शब्द आधी कोणीतरी जंगलाच्या बाजूने सांगतं, हे ऐकत जेवण जात नाही.

आईला याचं काहीच नाही. ती आता समोर बघतच नाही. टीव्ही समोर चालू असतो, आणि ती खुर्ची आडवी करून मागच्या दाराकडे कान लावून बसते. उजवा, ऐकू येणारा कान.

"आई, नाटक इकडे आहे."

"तिकडचं पाठ हाये मले. मांगचं ऐकून राह्यली."

मी काल शेवटी म्हटलं, मागचे बंद करते. तिने माझा हात धरला. तुला माहीत आहे, ती बोलत नाही तेव्हा केवढी घट्ट होते. बाबा गेल्यावर तुझ्याशी तेरा दिवस बोलली नव्हती, ते मी बघितलेलं आहे. मी रिमोट ठेवून दिला.

शेजारची बुधरी धानाच्या लोंब्या द्यायला आली होती, ती दारातूनच परतली. म्हणाली, "बाई, मेल्या मानसाले मांगच्या दारानं काऊन बोलावता?"

इंदुताई


सावरटोला
१० डिसेंबर

निकेश,

हे पत्र नीट बसून वाच.

काल आईने मागच्या दाराला ओ दिली. पहिल्याच हाकेला. मी चुलीपाशी होते, पाटलाचा तो प्रवेश चालू होता, आणि आई एकदम मोठ्याने, "ओ!" माझ्या हातातली पळी पडली. या गावात असं कोणी करत नाही. धावत गेले तर ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"लाव परत," म्हणाली. "थोडं मांगं घे."

मी लावलं. तिने मला आपल्या खुर्चीत बसवलं, तोंड मागच्या दाराकडे करून. समोरून नाटकातला पोरगा विनवतो आहे, मागे मास्तर फुसफुसतो, "गप्प... गप्प राहा..." बाया कुजबुजतात, कोणीतरी खोकतं. आणि त्या सगळ्यातून, डाव्या स्पीकरमधून, एक लहान लेकरू कळवळून ओरडतं, "बाबा!"

आणि समोरून बाबा म्हणतात, "ओ."

निकेश, तो तू आहेस. पाच वर्षांचा. मामा तुला वडशाला घेऊन गेला होता, मला गोवर होता म्हणून आई घरी राहिली होती. तू मंडपात बसला होतास, तुला वाटलं पाटील खरंच त्या पोराला हाकलतोय. बाबा संवाद विसरले नव्हते रे. मास्तर गप्प राहा म्हणत होता, हजार माणसं बघत होती, आणि तुझी हाक आली म्हणून त्यांनी नाटक मोडून ओ दिली. घरी येऊन कधी बोलले नाहीत. नटाला लाज वाटली असेल.

आता मी ते लिहिते, जे आपल्या घरात कोणी ओठांवर आणत नाही. अकरा वर्षांपूर्वी, मोहफुलं वेचायचे दिवस, पहाटे तू आणि बाबा जंगलात गेलात. जंगलात कोणाला नावाने, नात्याने हाक मारायची नाही, कूऽ करायचं, हा नियम. तुला बाबा दिसेनासे झाले, तू घाबरलास आणि "बाबा!" म्हणून ओरडलास. नाल्याच्या पलीकडून त्यांनी ओ दिली, झुडपातून सरळ तुझ्याकडे यायला निघाले. पुढे वाघाने झडप घातली ती तू बघितलीस, मी नाही. भैयाजी पंचायतीत म्हणाले, "पोट्ट्यानं हाक मारली म्हणून गेला." आणि आई गप्प राहिली. तू दहावीच्या निकालाचीही वाट न बघता घर सोडून गेलास.

आईला तुला काहीतरी सांगायचं आहे. मी म्हटलं, सांग, पत्रात लिहिते. नाही म्हणते. "कागदावर नाई. त्याले येऊ दे. त्याच्या तोंडाकडं पाहून सांगीन." काय सांगणार ते मला थोडं समजलं आहे, पण तिचं आहे ते तिनेच द्यावं.

ये. वडशापर्यंत रेल्वेने ये, पुढे चैतूची जीप फाट्यावर सोडते. गावाची लाज वाटत असेल तर संध्याकाळी बांधाबांधाने ये. कोणी बघणार नाही.

तुझी ताई


सावरटोला
२३ डिसेंबर

निकेश,

अक्षर वाकडंतिकडं आहे, लागलं तर बघ.

तू आला नाहीस, उत्तरही नाही. इकडे आईने दर संध्याकाळी दाराला ओ द्यायला सुरुवात केली होती. नाटक लावायचं, लेकरू ओरडायचं, हिने ओ म्हणायचं. आठवड्यापूर्वी वनखात्याची माणसं भोंग्यावरून सांगून गेली, नाल्याकडे वाघीण फिरते आहे, संध्याकाळी मागची दारं उघडू नका. आणि परवा मी अंगणवाडीतून आले तर मागचं दार सताड उघडं, आई उंबऱ्यावर बसलेली. "कोनी हाक मारली तं ऐकू याले पायजे ना," म्हणाली.

मी काल मागचे दोन्ही स्पीकर काढले. वायरी उपटल्या, खोक्यात घातले, खोकं खाटेखाली. आई भांडली नाही. नुसती बघत राहिली, हे वाईट.

आज दिवेलागणीला लाइट गेली. टीव्ही बंद, मधला स्पीकर बंद, सगळं बंद. थंडी म्हणून शेगडी पेटवून आम्ही दोघी बसलो होतो. बाहेर कुत्रीसुद्धा गप्प.

आणि मागच्या दारावरून आवाज आला, "इंदे."

तोच. ते जड बोलणं, शेवटचं अक्षर जरा लांबवलेलं. मला इंदे म्हणणारं माणूस या जगात आता नाही, निकेश. खोकं खाटेखाली होतं, मी हात लावून बघितलं. खोकं बंद होतं.

आईलाही ऐकू आलं. तिने ओ द्यायला तोंड उघडलं आणि मी तिच्या तोंडावर हात दाबला. आपल्या आईच्या तोंडावर. ती धडपडत होती, तिचे दात माझ्या तळव्याला लागत होते, पण मी सोडलं नाही. म्हटलं, तिसरी येऊ दे. तिसरी आली तर माणूस.

बऱ्याच वेळाने पुन्हा आला. आता हळू, दाराला अगदी लागून. "इंदे..."

मी वाट बघितली. पायरीवर काहीतरी घासल्यासारखं वाजलं. आणि मग काहीच नाही.

तिसरी हाक आली नाही. लाइट आली तेव्हा मी हात काढला. आई म्हणाली, "तो होता." बस, एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

मला भूतखेत पटत नाही. मला भीती वाटते. तू ये रे.

इंदू


सावरटोला
२५ डिसेंबर

निकेश,

काल सकाळी मी उशिरा बाहेर पडले. चैतू जीप पुसत होता. म्हणाला, "काय ताई, निकेश आला अना लगेच चालला बी? राह्यला नाई?"

मी म्हटलं, कोण निकेश?

"तुमचा भाऊ ना! काल फाट्यावर उतरला. म्या तोंडावरून ओळखलंच नाई, दाढी केवढी! पन बोलला तं म्या गाडीच थांबवली. तुमचे बाबा, श्रीहरीभाऊच, बोलून राह्यले असं वाटलं. घंट्याभरानं परत आला, म्हणे वडश्याच्या टेसनावर सोड. रस्ताभर बोलला नाई. म्या बी नाई इचारलं."

मी घरी पळत आले आणि सांदवाडीत गेले. मागच्या पायरीपुढे सारवलेलं ओलसर होतं, त्यात बुटाची पावलं. बांधाकडून सरळ दारापर्यंत. दारापाशी पुष्कळ, एकावर एक. तिथे तू उभा राहिलास, पाय बदलत. मग परत बांधाकडे.

तू गेलास तेव्हा तुझा आवाज फुटायला लागला होता. तो पुढे कोणाचा होणार हे मला समजायला नको होतं का? तू मला इंदे म्हणायचास हे मीच तुला पहिल्या पत्रात लिहिलं, आणि त्या संध्याकाळी मला आठवलं नाही. बांधाबांधाने ये असंही मीच लिहिलं. मागच्या दाराला बाहेरून कडीच नाही, मग तू वाजवणार काय? आणि आईला हाक मारायची तुझी हिंमत झाली नसेल, म्हणून मला मारलीस. आतमध्ये शेगडीचा उजेड तुला फटीतून दिसला असेल. माणसं आहेत, जागी आहेत, आणि ओ देत नाहीत. अकरा वर्षांनी आलास आणि घराने पुन्हा अबोला धरला, असंच वाटलं ना तुला?

तसं नाही. मी वाट बघत होते. तू अजून एकदा हाक मारली असतीस तर, आणि असं म्हणायलाही मला तोंड नाही. बाबांनी हजार माणसांपुढे पहिल्या हाकेला ओ दिली. मी एका दाराआडून देऊ शकले नाही, आणि आई देत होती तर तिचं तोंड दाबलं.

आईला विचारलं, तू "तो होता" म्हणालीस ते बाबांना ना? म्हणाली, "म्या कुठी बाबा म्हणलं? लेकराची हाक मायले समजत नाई का?"

आता ती कागदावर सांगायला तयार झाली. ती बोलते तसं लिहिते:

"निकेश, तुहा बाप नाटकात आला तसाच जंगलात आला. तुनं कूऽ केलं असतं तरी तो आलाच असता. लेकराच्या आवाजावर थांबनारा मानूस नवता तो. तुही हाक नाई चुकली. म्या बोलली नाई, कारन तोंड उघडलं असतं तं हंबरडाच निगाला असता, अना तो तुले लागला असता. म्या बोलाले पायजे होतं. घरी ये."

त्या पावलांच्या जागेवर ती मला सारवू देत नाही.

तुझा फोन बंद येतो आहे. पत्र मिळाल्याचं तरी कळव.

तुझी इंदे


सावरटोला
१४ जानेवारी २०२५

निकेश,

मागच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. स्पीकर पुन्हा भिंतीवर लावले, आई मागत होती. संक्रांतीचे लाडू केले आहेत, अर्धे डब्यात वेगळे ठेवले.

आज दिवेलागणीला नाटक लावायच्या आधीच, सगळं बंद असताना, मागच्या दारावरून हाक आली. एकच. "इंदे."

मी ओ दिली. पहिल्याच हाकेला, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी. मागोमाग आईनेही दिली. आणि मी दार उघडलं.

बाहेर कापलेल्या धानाच्या बांध्यांवर धुकं उतरलेलं होतं. नाल्याकडे काही हलत नव्हतं. कंदील घेऊन पायरीखाली बघितलं. तुझी जुनी पावलं होती, वाळून घट्ट झालेली. नवं एकही नव्हतं. नवी कडी जशीच्या तशी होती. चैतूला फोन केला, तो म्हणाला आज फाट्यावर कोणी उतरलं नाही.

भैयाजी ओ ऐकून समोरच्या ओट्यावरून उठून आले होते. म्हणाले, "इंदू, हे काय केलं? तिसरी तं येऊ द्याची होती." मी आत येऊन ताटं वाढली. आई मात्र आज पोटभर जेवली.

तू होतास का, तेवढं लिही. बांधावरूनच परत फिरला असशील तर आम्ही ओ दिली, ती तुला ऐकू आली का, तेही लिही. तू नसशील, तर ज्याने हाक मारली त्यालाही ओ मिळाली. त्याचं जे काय व्हायचं ते माझं होईल, तू त्याचा विचार करू नकोस.

ये. कडी वाजव, नाहीतर हाक मार, कुठल्याही दाराने ये. मी आता हाका मोजत नाही.

तुझी इंदे